आज्जीची निलगिरी, अण्णांचा खोकला

आमच्या घरात निलगिरीचं तेल संपलंय असं कधी झालेलं मला आठवत नाही. रॉकेल संपायचं, साखर संपायची, महिनाअखेरीला चहापत्तीसुद्धा शेजारून आणायला लागायची, पण कपाटाच्या वरच्या खणात, देवाच्या वातींच्या डब्यामागे ती अंगठ्याएवढी काचेची बाटली कायम असायचीच. बूच सैल झालेलं म्हणून आज्जी त्याला कापूस गुंडाळून घट्ट बसवायची, तेल उडून जाईल याची तिला फार धास्ती. आणि तो कापूसच इतका वासाचा झालेला असायचा की सर्दी झाली की आम्ही पोरं बाटली न उघडता नुसता कापूस हुंगायचो.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, सोलापुरातल्या एका मिलमधे कार्डिंग खात्यात होते, बत्तीस वर्षं. ज्यांनी मिल आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, कापूस गाठीतून फोडून आला की तो विंचरून, सरळ करून त्याचा पेळू करायचा ते हे खातं, आणि सगळ्या मिलमधे सगळ्यात जास्त रुवा, म्हणजे कापसाची बारीक धूळ, उडतो तो इथं आणि त्याच्या आधीच्या ब्लो रूममधे. भोंगा झाला की थोड्या वेळात अण्णा दारात दिसायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. मला लहानपणी वाटायचं की ते मिलमधे जाऊन म्हातारे होतात आणि अंगणात तोंड धुतलं की परत तरुण होतात. खिशात कागदात बांधलेला गुळाचा खडा असायचा, गूळ खाल्ला की घशातला रुवा पोटात जातो असं सगळे कामगार म्हणायचे. उरलेला खडा मला मिळायचा, त्याला पण रुवा चिकटलेला असायचा, पण मी खायची.

रात्री जेवणं झाली की वाफ. आज्जी भगुण्यात पाणी उकळायची, पाटावर भगुणं, समोर अण्णा मांडी घालून, आणि वरनं चादर. चादर म्हणजे अर्थात आपली सोलापुरी चादर, लाल आणि निळी, मोरांची, धुऊन धुऊन मऊ झालेली पण तरी जड. आता लोक वाफ घ्यायला टॉवेल घेतात, मी पण घेते, पण टॉवेलमधून वाफ कुठूनतरी निसटतेच, त्या चादरीतून नाही निसटायची. मी सहासात वर्षांची असताना हट्टानं अण्णांच्या मांडीजवळ आत शिरून बसायची. आत एकदम अंधार, मग हळूहळू दिसायला लागायचं, साठच्या बल्बचा उजेड विणीतून बारीक बारीक ठिपक्यांनी आत यायचा, जिथं मोर होता तिथं कमी आणि मधल्या जागेत जास्त. अण्णांच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमायचा, मोठा व्हायचा, पाण्यात पडायचा, परत दुसरा जमायचा. मग बाहेरून आज्जीचा आवाज, "डोळे मिट गं, टाकलालीय." आणि चादरीच्या कडेतून तिचा हात आत यायचा, बाटली तिरकी, एक थेंब, दोन थेंब. तेल पाण्यात बुडत नाही, पाण्यापेक्षा हलकं असतं ना, ते वर पसरायचं आणि लगेच वाफेबरोबर अंगावर यायचं. पहिला श्वास तर सोसायचाच नाही, मिटलेल्या डोळ्यातून पण पाणी यायचं. दुसरा जरा बरा. तिसऱ्या श्वासाला अण्णा "हाऽऽ" करायचे, आणि तो "हाऽऽ" ऐकला की बाहेर आज्जी उठून दुसऱ्या कामाला लागायची. तिच्या लेखी काम झालं.

आमच्या शेजारच्या अक्का, सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच घरांसारखं त्यांच्या घरात पण तेलुगू बोलायचे, त्या याला नीलगिरी तैलम म्हणायच्या. आज्जीला तो "तैलम" शब्द भारी वाटायचा. दोघी एकमेकींना उसनं द्यायच्या, पाच थेंब घेतले तर पाच थेंब परत. आणि दोघींचंही ठाम म्हणणं की हे आपलं पूर्वीपासूनचं औषध, ऋषीमुनींचं.

मला मोठी होईपर्यंत तसंच वाटत होतं. नंतर वाचायला लागले तर लक्षात आलं की हे झाड मुळात आपलं नाहीच, ऑस्ट्रेलियाचं. तिथले आदिवासी याची पानं ताप, सर्दी, जखमा यांच्यासाठी वापरायचे, ती खरी या झाडाची जुनी परंपरा. मेलबर्नजवळ जोसेफ बोसिस्टो नावाच्या औषधवाल्यानं 1852 साली पानांपासून तेल काढायची भट्टी लावली आणि मग ते तेल जगभर गेलं. आपल्याकडे उटीला 1843 च्या सुमारास ही झाडं लावली ती औषधासाठी नव्हेच, जळणासाठी! इंग्रजांच्या वस्तीला लाकूड पुरेना, तिथली मूळची शोला जंगलं तुटत चालली, म्हणून भराभर वाढणारं झाड आणलं. आणि गंमत म्हणजे डोंगराला निलगिरी हे नाव झाडावरून पडलेलं नाही, डोंगराचं नाव कितीतरी जुनं, होयसळांच्या 1117 च्या शिलालेखात या निळ्या डोंगराचा उल्लेख आहे. झाडालाच आपण डोंगराचं नाव दिलं, आणि दोनचार पिढ्यांत ते इतकं घरचं झालं की आज्जीनं थेट ऋषीमुनींच्या नावावर करून टाकलं.

पण आज्जी अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. वाफ आपलीच आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय पूर्ण स्वेदनावर आहे, शेक कसा द्यायचा, वाफ कशी द्यायची, कुणाला द्यायची नाही हेसुद्धा. भगुणं, चादर, खाली मान घालून बसणं हे सगळं जुनंच, त्यात पूर्वी ओवा असायचा, तुळस असायची, आल्याची सालं असायची, त्यांच्या शेजारी निलगिरी येऊन बसली एवढंच. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकणं तर आमच्याकडे अजून चालू आहे. आणि आज्जी अमृतधारा करायची ते मला अजून जादूसारखं वाटतं, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि भीमसेनी कापूर, तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवायचे, पाण्याचा टिपूस नाही, आणि बघता बघता तिन्हींचं पाणी. एकत्र आले की त्यांचा वितळायचा बिंदू एकदम खाली येतो म्हणून होतं ते. त्यात शेवटी चार थेंब निलगिरी टाकली की आज्जीची अमृतधारा तयार.

2016 ला आम्ही उटीला गेलो तेव्हा एका वळणावर भट्टी चालू होती, मी गाडी थांबवायला लावली. बायका जंगलातून पडलेली पानं पोत्यात भरून आणत होत्या, लांब, कोयत्यासारखी वाकडी पानं. मोठ्या भांड्यात पानं दाबून भरलेली, खाली जाळ, आणि जाळाला काय तर आधीच्या खेपेची वापरून वाळवलेली पानंच. वाफ नळीतून थंड पाण्याच्या हौदातून जाते, तिथं तिचं परत पाणी होतं आणि पाण्यावर तेलाचा पिवळट थर तरंगतो, तो वरचेवर काढून घ्यायचा. तिथल्या माणसाला मी भेसळीचं विचारलं तर त्यानं काही न बोलता कागदाच्या तुकड्यावर एक थेंब टाकून वाऱ्यावर धरला आणि थोड्या वेळानं मला दाखवला, कागद कोरा. खनिज तेल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग उरतो. घरी येऊन मी गड्ड्याच्या जत्रेत घेतलेल्या जुन्या बाटलीवर हाच प्रयोग केला तर कागदावर भज्याच्या पुडीसारखा डाग. त्या दिवसापासून मी केमिस्टकडचं, लेबल वाचून घेते. चांगल्या औषधी तेलात सिनिओल नावाचा घटक किमान सत्तर टक्के असायला लागतो, वास त्याचाच आणि काम पण मुख्यतः त्याचंच.

(आपल्याकडे रस्त्याकडेला, बांधावर ऐंशीच्या दशकात जी निलगिरी लावली ती वेगळ्या जातीची, तिचं पान चुरगाळलं तर वास येतो पण उटीच्या झाडासारखा नाही. त्या झाडांनी जमिनीतल्या पाण्याचं काय केलं हा वेगळाच विषय, त्यावर बांधाशेजारच्या शेतकऱ्यांना विचारा.)

आता ते काम नक्की काय, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. नाक चोंदलंय, वाफ घेतली, मोकळं झालं. मला वाटायचं तेलानं नाक उघडलं. पण आपल्या नसांवर थंडी ओळखणारे रिसेप्टर असतात, त्यांना टीआरपीएम 8 म्हणतात, हे शोधणाऱ्यांमधले डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना स्पर्श आणि तापमान आपल्याला कसं कळतं या संशोधनासाठी 2021 चं नोबेल मिळालं. पुदिन्याचं मेंथॉल त्याच रिसेप्टरला चेतवतं आणि निलगिरीतलं सिनिओल पण. म्हणजे हवा तेवढीच जात असते पण नाकाला वाटतं की थंडगार, भरपूर हवा आली. चिकट शेंबूड सैल व्हायला मदत होते ती गरम वाफेनं. बरं वाटतं हे शंभर टक्के खरं, मला आजही वाटतं, पण बरं कशानं वाटतंय ते आपण चुकीच्या खात्यावर लिहितो.

आणि अशी चूक आपण एकट्यांनीच केलीये असं नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात या झाडाला तापाचं झाड म्हणायचे. मलेरिया म्हणजे दलदलीची घाण हवा असा समज, मग निलगिरीच्या वासानं हवा शुद्ध होते म्हणून रोमच्या बाहेर ट्रे फोंताने मठातल्या साधूंनी ही झाडं लावली, अल्जेरियात लावली, इटलीतल्या दलदलीत लावली. काही ठिकाणी ताप कमी झाला पण. वासाची वाहवा झाली. खरं काम मुळांनी केलं होतं, ती पाणी शोषून दलदल कोरडी करत होती आणि डासांना अंडी घालायला जागा राहत नव्हती. डास आणि मलेरियाचा संबंध रोनाल्ड रॉसनं दाखवला तो 1897 च्या ऑगस्टमधे सिकंदराबादला, आपल्याकडून हैद्राबादच्या गाडीत बसलं की येतं तिथंच. तोवर इतकी वर्षं सगळे झाडाखाली उभे राहून वास घेत होते.

मी तेलाच्या विरोधात नाही हं, हे कुणी वाचून बाटली फेकून देऊ नका. सिनिओल सूज कमी करतं यावर नीट काम झालंय. जर्मनीत 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, दम्याचे 32 पेशंट, ज्यांना रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घ्यायला लागायच्या असे, त्यातल्या काहींना बारा आठवडे सिनिओलच्या 200 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून तीनदा दिल्या, आणि त्यांचा स्टेरॉइडचा डोस सरासरी 36 टक्क्यांनी कमी करता आला, नुसती खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांचा 7 टक्क्यांनी. अभ्यास छोटा आहे, पण आहे. फक्त ती मोजून मापून केलेली, डॉक्टरच्या देखरेखीखालची कॅप्सूल होती. बाटलीतलं तेल चमच्यानं प्यायचं नाही, कधीच नाही, साखरेवर टाकून पण नाही आणि मधातून पण नाही.

हे मी एवढं जोर देऊन का सांगतेय, तर माझी लेक तीन वर्षांची असतानाचा तो दिवस. मला सर्दी झालेली, वाफ घेऊन झाली आणि मी बाटली खालच्या फळीवर ठेवली, तिच्या खोकल्याच्या औषधाशेजारी. दोन मिनिटं. गॅस बंद करून आले तर ती ओठ चाटत उभी, तोंड वाकडं, आणि तोंडाला वास. बाटली अर्धी होती की त्याहून कमी हेच मला आठवेना. सासूबाई म्हणाल्या मिठाचं पाणी पाज, ओकून पडेल, आणि मी ग्लास हातात घेतला पण होता, तेवढ्यात नवऱ्यानं डॉक्टरांना फोन लावला आणि ते ओरडलेच, ओकवू नका, काही पाजू नका, आहे तशी घेऊन या. ओकताना तेल फुप्फुसात गेलं तर ते पोटात असण्यापेक्षा वाईट. रिक्षात ती पेंगायला लागली. दुपारी कधी न झोपणारी पोर माझ्या खांद्यावर मान टाकून झोपायला लागली आणि मी तिला चिमटे काढत होते, गाणी म्हणत होते, सात रस्त्याचा सिग्नल तेव्हा किती लांब होता ते मलाच माहीत. लहान मुलाला चार-पाच मिली तेल पण फार होऊ शकतं, फिट येऊ शकते, बेशुद्ध पडू शकतं, आणि हे सगळं अर्ध्या तासात सुरू होऊ शकतं. तिच्या पोटात गेलं होतं ते बहुतेक एक घोटभर पण नव्हतं. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी सहाला तिनं उठून पोहे मागितले. मला तोपर्यंत रडायला पण आलं नव्हतं, पोहे म्हटल्यावर आलं.

तेव्हा त्या डॉक्टरांनी मला अजून दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी भेटेल त्या आईला सांगते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या नाकाला, तोंडाजवळ निलगिरी, कापूर, मेंथॉल असलं काहीही चोळायचं नाही, श्वासनलिका एकदम आवळू शकते. आणि लहान मुलाला उकळत्या भगुण्यावर बसवायचं नाही, कारण विषबाधेपेक्षा भाजून येणारी पोरंच जास्त असतात. मला ऐकताना आमची ती चादर आठवली, आत मी, अण्णांची मांडी आणि मधे उकळतं पाणी. काही झालं नाही हे नशीबच. कोरोनात 2021 च्या लाटेत घराघरात दिवसातून चारचार वेळा वाफ चालू होती तेव्हा मी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर हेच टाईप करत बसले होते.

घरात त्या बाटलीला आता दुसरीही कामं आहेत. नव्या स्टीलच्या डब्यावरचा स्टिकर निघत नाही, चिकट राहतो, त्यावर एक थेंब चोळला की साफ. गादीला, उशीला मुरलेला वास जातो. एवढ्याच कामापुरती ती उरली तरी मी घरात ठेवेन. बाटली मात्र काचेची, कारण काही प्लॅस्टिक या तेलानं खराब होतं, आणि जागा सगळ्यात वरची, कुलपातली.

अण्णांचं सांगायचं राहिलंय, ते मी मुद्दामच मागे ठेवत आले बहुतेक.

रिटायर झाल्यावर पण त्यांचा खोकला राहिला, वाढला. वाफ चालू. आज्जीचे दोनाचे तीन थेंब झाले. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबून काहीतरी विषय काढायचे, आम्हाला वाटायचं गप्पिष्ट झालेत. 1996 साली एका रात्री वाफेनंतर "हाऽऽ" आलाच नाही तेव्हा बाबा त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, आज्जी आणि मी पण गेलो. एक्सरे झाला, नळीत फुंकायला लावून तपासणी झाली. डॉक्टरांनी कुठल्या खात्यात होता विचारलं, किती वर्षं विचारलं, आणि मग एक वेगळाच प्रश्न विचारला, की मिलमधे असताना सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी जास्त त्रास व्हायचा का?

अण्णा विचार करायला लागले. उत्तर आज्जीनं दिलं. "व्हायचा की. सुट्टी करून कामावर गेले की पयल्या रात्री छाती आवळायची ह्यांची. मी त्या दिवशी दोन थेंब जास्त टाकायची."

कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि त्याची सगळ्यात पहिली खूण हीच, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जड होणं. याच्यावरून इंग्रजीत त्याला मंडे फीवर असं नाव पडलंय. सुरुवातीला ओळखलं आणि माणसाला धुळीतून बाहेर काढलं तर तब्येत बरीचशी भरून येते, वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर कायमचं. आपल्या तेव्हाच्या कारखाना कायद्यात व्यवसायातून होणाऱ्या आजारांच्या यादीत त्याचं नाव होतं, कामगार विमा कायद्यात होतं, म्हणजे वेळेत निदान झालं असतं तर खातं बदलून मागता आलं असतं, भरपाई मागता आली असती. मिलमधे कुणी त्यांना कधी विचारलं नाही. आणि घरात ज्या बाईला हे बरोबर दिसलं होतं, वारासकट माहीत होतं, तिनं त्यावर तिच्या हातात होतं ते केलं, दोन थेंब वाढवले. तेवढ्यानं रात्र निघायची, अण्णा झोपायचे, दुसऱ्या दिवशी भोंग्याला उठायचे. त्रास रोज रात्री थोडा कमी होत होता म्हणून बत्तीस वर्षं कुणाला डॉक्टरकडे जावंसं वाटलं नाही.

आज्जी रिक्षात काही बोलली नाही. घरी आल्यावर नवीन पंप आणि गोळ्यांची पिशवी तिनं त्याच वरच्या खणात ठेवली, वातींच्या डब्यामागे. रात्री सवयीनं भगुणं चढवलं, पाणी उकळलं, अण्णा पाटावर बसले, तिनं चादर टाकली. मी तेव्हा कॉलेजात, दारात उभी होते. बाटली हातात घेऊन ती तशीच थांबली, नेहमीसारखा चादरीच्या कडेतून हात आत गेला नाही.

"टाकू का नको वो?"

आतून जरा वेळ नुसता श्वासाचा आवाज आला.

"टाक की," अण्णा म्हणाले. "दोन टाक."